गाडीतली भुलाबाई

माझ्या नातवंडांनो,

मागच्या रविवारी तुमच्या बाबाचा फोन आला होता. त्याच्या डोळ्यातला दाब जरा जास्त निघाला म्हणून तिकडच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात कोणाला काचबिंदू होता का. मी त्याला तुमच्या पणजीच्या डोळ्यांची हकीकत क्रमवार सांगितली. त्याचं काम झालं. फोन ठेवल्यावर मात्र वाटलं, या हकिकतीतला जो भाग डॉक्टरांच्या कामाचा नाही तो तुमच्यापर्यंत कधी पोचलाच नाही. बाबा तेव्हा पुण्याला शिकत होता. त्या गाडीत आम्ही तिघंच होतो, आणि आता मी एकटी उरले आहे. म्हणून लिहून ठेवते.

पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई, आर्वीच्या पुढच्या आमच्या गावी राहायच्या. आजोबा आणि मी इकडे पिपरी मेघ्याला. पणजीचा उजवा डोळा आधीच गेला होता. दुखलं नाही, खुपलं नाही, त्यामुळे कोणाला कळलंही नाही. डाव्या डोळ्यातही तेच सुरू झाल्याचं सेवाग्रामच्या दवाखान्यात समजलं. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं: गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली तेवढी राखायची, आणि त्यासाठी नेमानं तपासायला यायचं. पण पणजीला गाडी लागायची. पहिल्या खेपेला एसटीत त्यांचे इतके हाल झाले की घरी परतल्यावर त्यांनी जाहीर केलं, आपण आता कुठंच येत नाही. "एक डोया हाये ना अजून," म्हणाल्या. "तेवढा पुरते मले."

आजोबांनी निवृत्तीनंतर जी पांढरी गाडी घेतली, ती खरं तर यासाठीच. तिच्यातल्या स्टिरिओवर एमपीथ्रीची सीडी वाजायची, आणि तेव्हा ती मोठी गोष्ट होती.

आता भुलाबाईबद्दल सांगायला हवं. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे मुली भुलाबाई बसवतात. भुलाबाई म्हणजे पार्वती, माहेराला आलेली. महिनाभर तिच्यापुढे टिपऱ्यांवर गाणी म्हणायची, आणि शेवटी झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा. डबा हलवायचा, आवाज ऐकायचा आणि लाडू की फुटाणे ते सांगायचं. नव्वदच्या सुमारास एका वर्षी आजोबांनी गावच्या अंगणात टेपरेकॉर्डर ठेवून ही सगळी गाणी उतरवून घेतली होती. पुढे एका दिवाळीच्या सुट्टीत तुमच्या बाबाने टेपला वायर लावून त्या कॅसेटी संगणकात घेतल्या. संगणकात जायला कॅसेट पूर्ण वाजावीच लागते, त्यामुळे त्या सुट्टीभर मागच्या खोलीत मुली गात होत्या. मी फराळाचं करत असले की मधूनच वाटायचं, घरात पाहुणे आले आहेत आणि कोणीतरी त्यांना पाणी द्यायला हवं.

सगळ्या कॅसेटी मिळून एका सीडीवर मावल्या. गाण्यांना नावं मी दिली. मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, पण ही गाणी इंग्रजी अक्षरांत लिहायला मन घेईना. देवनागरी टाइप करायला शिकले आणि प्रत्येक फाइलला नाव आणि पुढे क्रमांक दिला. आकडेही देवनागरीच. आधी भुलाबाईला पाटावर बसवायचं गाणं, मग सासर-माहेरची, मग खाऊची, सगळ्यात शेवटी पाठवणीचं. अगदी चोख काम.

थंडीचे दिवस होते. आजोबांनी आईला फार आर्जवं करून गाडीत बसवलं. त्या मागे माझ्या शेजारी, मांडीवर लिंबू, डोळे घट्ट मिटलेले. गाव सुटलं तसं आजोबांनी, माय, तुझ्यासाठी गंमत आहे, असं म्हणून सीडी आत ढकलली. पडद्यावर नाव यायला हवं होतं, तिथे नुसत्या रेघा आल्या. स्टिरिओला देवनागरी वाचता येत नव्हतं. त्यानं आपल्याच क्रमानं सुरुवात केली, आणि पहिलं लागलं ते पाठवणीचं गाणं.

पणजीनं डोळे उघडले.

"काऊन रे, पोरगी अजून पाटावर बसली नाई, अन् तुमी तिची पाठवणी करून राह्यले?"

आजोबा हसले. म्हणाले, ते मशीन आहे, त्याले काय समजते.

"त्याले नाई समजत. तुमाले तं समजते ना? गाडी फिरव."

त्या रागावल्या नव्हत्या. त्यांचा चेहरा उतरला होता. दवाखान्याच्या वाटेवर, घरातून निघताच, माहेरी आलेल्या लेकीला आल्या पावली परत पाठवलं होतं. आता पुढे जाऊन काय चांगलं ऐकायला मिळणार, असं त्यांच्या मनात आलं असणार. आजोबांनी गाडी कडेला घेतली. गाणं बंद केलं. मी घाईघाईनं समजावू लागले की नावं मी मराठीत टाकली, म्हणून हा घोळ झाला.

"म्हंजे मास्तरीणबाईनं नावं टाकली अन् मशीन अंगठाबहाद्दर निंघालं," पणजी म्हणाल्या. "मायासारखंच."

त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मला हसू आलं, आजोबांनाही, पण आम्ही दाबलं, कारण गाडी अजून तिथेच उभी होती आणि कुठल्या दिशेला जायचं ते ठरलेलं नव्हतं. बाजूच्या शेतात कापूस फुटला होता. पलीकडे तुरीचा पिवळा फुलोरा. पणजी बराच वेळ तिकडे पाहत राहिल्या. काचबिंदूत नजर कडेकडेनं जाते; त्या राहिलेल्या डोळ्याला त्यातलं मधलं गोल तेवढंच दिसत असेल.

मग त्यांनी पदर डोक्यावर सारखा केला आणि भुलाबाईला पाटावर बसवायचं ते पहिलं गाणं स्वतःच म्हणायला लागल्या. आवाज चिरकत होता, मध्ये दम लागत होता, पण एकही ओळ गाळली नाही. मांडीवर दोन बोटांनी टिपरीचा ठेका धरला होता. भुलाबाई गाडीत बसली.

"आता लाव," म्हणाल्या. "अन् चाल."

आजोबांनी पाठवणीचं गाणं टाळून त्यानंतरचं लावलं. पुढचा रस्ता मला स्वप्नासारखा आठवतो. काचा वर केलेल्या, ऊन मांडीवर आलेलं, आणि गाडीत ते जुनं अंगण. गाणं सुरू व्हायच्या आधी टेपची खरखर येई आणि तिच्यात काहीबाही मिसळलेलं असे: रहाटाची करकर, शेळीचं ओरडणं, कोणाच्या तरी बांगड्या. बाहेर शेतं मागे सरत होती आणि आत ज्या मुली गात होत्या त्या केव्हाच आपापल्या सासरी गेल्या होत्या, एक-दोघी त्याहूनही दूर. कुठलं खरं चाललंय, बाहेरचं की आतलं, ते मला नीट कळत नव्हतं. पडद्यावर रेघाच होत्या. पुढे कुठलं गाणं येणार ते आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं.

पणजीला मात्र नुसत्या खरखरीवरून कळायला लागलं. डबा हलवल्यावर खाऊ ओळखावा तसं. रहाट वाजला की म्हणायच्या, हे माहेरच्या वाटेचं. आणि तेच लागायचं. कोणी खोकलं की म्हणायच्या, आता सासूचं गाऱ्हाणं येते. एकदा चुकल्या तेव्हा शेळीला बोल लावला. आजोबा मुद्दाम चुकीचं ओळखायचे आणि त्या त्यांना फटकारायच्या. सेवाग्राम आलं तेव्हा लिंबू तसंच मांडीवर होतं.

डॉक्टरांनी दाब मोजला. औषधानं भागण्यासारखं नव्हतं. ऑपरेशन करावं लागेल, तेही लवकर, असं ते म्हणाले. आजोबांनी आईकडे पाहिलं. पणजीनं एवढंच विचारलं, की येणं-जाणं याच गाडीनं ना.

ऑपरेशन झालं. त्यानंतर कितीतरी खेपा झाल्या. तुमच्या बाबानं नावं इंग्रजीत करून नवी सीडी देतो म्हटलं, तर पणजीनं त्याला फोनवरच अडवलं: मग ओळखायचं काय? फक्त पहिलं गाणं त्यांनी कधी यंत्राला म्हणू दिलं नाही. गाव सुटलं की ते त्या स्वतः म्हणायच्या, मग आजोबा बटण दाबायचे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, मला भुलाबाईचं एकही गाणं येत नव्हतं. त्या खेपांमध्ये मी ते पहिलं गाणं त्यांच्यामागून हळूहळू म्हणायला लागले.

तो डोळा शेवटपर्यंत टिकला. डाळीतला खडा त्यांना दिसायचा, फाटकात कोण आलं ते ओळखू यायचं. शेवटच्या आजारपणात खोलीत शिरणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी पाहून नावानं हाक मारली.

आजोबा गेल्यावर गाडी विकली, तिच्याबरोबर स्टिरिओही गेला. सीडी आता कुठल्याच यंत्रावर चालत नाही. फाइली माझ्या संगणकात आहेत, सगळ्या वाजतात. पणजी गाडीत म्हणायच्या ते पहिलं गाणं त्यांच्या आवाजात कोणी उतरवून घेतलेलं नाही. ते मला पूर्ण येतं.