थेंबांचं औषध चमच्याने

आत्ताच ड्युटीवरून आले. डोक्यातून जातच नाही, म्हणून लिहितेय.

मी गंगाखेडजवळच्या एका दवाखान्यात नर्स आहे. आज दुपारी एक आजी दोन वर्षांच्या नातीला घेऊन आल्या. पोरीचे आईबाप ऊसतोडीला गेलेत.

"ताप उतरलाय, पण कालपासून नुसती ओकायलीय," आजी म्हणाल्या.

काय औषध दिलं विचारलं, तर त्यांनी पिशवीतून तापाच्या ड्रॉप्सची बाटली काढली. ड्रॉप्स थेंब मोजून द्यायचे असतात. चमच्याने द्यायच्या पातळ औषधापेक्षा ते कितीतरी कडक असतात.

"किती दिलं, आजी?"

"ताप चढला की चमचाभर. समद्या लेकरांना आमी असंच देतो की. मेडिकलवाला काय बोलला न्हाई."

इतकं औषध लहान मुलाचं यकृत बिघडवू शकतं. डॉक्टरांनी लगेच पोरीला अॅम्ब्युलन्सने परभणीला पाठवलं. गाडीत चढताना आजींनी माझा हात धरला. "सिस्टर, म्याच मारलं का गं लेकराला?"

मी त्यांना हाताला धरून नातीजवळ बसवलं.

संध्याकाळी परभणीच्या दवाखान्यातून फोन आला. उपचार सुरू आहेत, पोरगी पाणी प्यायली, पण दोन दिवस लक्ष ठेवावं लागेल.

आजींवर माझा राग नाही. राग आहे तो त्या बाटलीवरच्या मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांवर आणि एक शब्द न सांगता औषध विकणाऱ्यांवर.

तुमच्या घरातल्या तापाच्या बाटलीवर किती द्यायचं लिहिलंय, ते तुमच्या आईला वाचता येतं का?