आटेल म्हणून घेतलेली बार्ली

माझा मोठा भाऊ शिंपी आहे. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. चाळीस वर्षांत त्याने सांगितलेल्या तारखेला एकही कपडा दिलेला नाही, आणि एकही कपडा बिघडवलेला नाही. गिऱ्हाईक पहिल्या गोष्टीवरून भांडतं आणि दुसरीसाठी परत येतं. सगळे त्याला मास्तर म्हणतात, मी दादा म्हणते.

भाचीला जुळं झालं आणि वहिनी तिच्याकडे गेली, इथून बारा तासांच्या प्रवासावर. तीन आठवड्यांत दादाची साखर वाढली. वाढणारच होती. सकाळी बिस्किटं, दुपारी बिस्किटं, आणि रात्री बदल म्हणून टोस्ट. डॉक्टरीणबाईंनी औषधाच्या चिठ्ठीमागे एक गोल काढून दिला. अर्ध्या गोलात भाज्या, पाव गोलात अख्खं धान्य, उरलेल्या पावात कडधान्य, वरून तीळ आणि लिंबू. "रोज दुपारी हा एक वाडगा. आणि स्वतः करायचा."

हे वहिनीला कळलं आणि मला फोन आला.

"वन्सं, रविवारी त्यांच्याकडे जेवायला जा. त्यांनी एकट्यांनी केलेलं जेवा. दोन वाजता मी फोन करते. जमतंय म्हणालात तर मी अजून महिनाभर इथे राहीन. नाहीतर सोमवारच्या गाडीने निघते. इथे मी निघायचं नाव काढलं की लेक रडते, आणि तिकडे तुमचे बंधुराज बिस्किटांवर आडवे झाले तर मी काय करू? आणि हे बघा, भावाची बाजू घ्यायची नाही. तुम्ही खोटं बोललात की तुमचं नाक लाल होतं."

शनिवारी दादाचा फोन. "उद्या अकराला ट्रायलला ये."

"कसली ट्रायल? मी जेवायला येतेय."

"आधी ट्रायल."

अकराला पोचले तर दादा कापायच्या टेबलाशी उभा. गळ्यात टेप, कानावर खडू. त्याने वाडग्याची मापं घेतली होती. घेर, खोली, काठाची उंची, सगळं वहीत. त्यावरून खाकी कागदाचा गोल कापून त्याचे तुकडे पाडले होते, प्रत्येकावर त्याच्या वळणदार अक्षरात नाव: कोबी, गाजर, बीट, पालक, चणे, बार्ली. बीटाचा कागद उकडलेल्या बीटाला टाचण्यांनी लावलेला.

"दादा, या टाचण्या काढणार आहेस ना?"

"मोजून लावल्यात. अकरा. मोजून काढीन."

"आणि गाजर असं तिरकं का कापलंस?"

"त्याला उरेब म्हणतात. सरळ कापलं की ताठ बसतं. उरेब कापलं की छान पडतं."

एवढ्यात स्वयंपाकघरात झाकण खाली पडल्याचा आवाज झाला. मी आत धावले. शेगडीवरच्या पातेल्यातून बार्ली शांतपणे बाहेर येत होती. कुकर भरलेला. परात भरलेली. अंघोळीची बादली, स्वच्छ घासलेली, तीही काठोकाठ.

"किती घेतलीस?"

"पाच किलो."

"एका माणसाला?"

"अगं, नवं कापड पाण्यात घातलं की आटतं. म्हणून आधीच जास्त घेतली. मार्जिन नको का?"

"भिजवल्यावर दिसलं नाही का वाढलेलं?"

"दिसलं. मला वाटलं, खरी आटते ती शिजताना."

अठ्ठावन्न वर्षं भात खाल्लेला माणूस, पण तो भात कच्चा असताना केवढा असतो हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. त्याच्यापुढे भात नेहमी तयार होऊनच आला होता.

बारा वाजून गेले. माझ्या पोटात कावळे ओरडायला लागले. दादा बादलीकडे बघत उभा होता, आणि गोंधळला की त्याच्या तोंडून जे आपोआप निघतं तेच निघालं. "तू असं कर, गुरुवारी ये."

"दादा, दोनला फोन आहे!"

"बरं, बुधवारी. नक्की देतो."

तेवढ्यात दुकानाच्या दारात बसचे ड्रायव्हरसाहेब उभे राहिले. पँटसाठी त्यांची ही पाचवी खेप. "काय मास्तर, झाली का?"

"पँट नाही झाली," दादा म्हणाला. मग त्यांच्या हातातल्या रिकाम्या डब्याकडे त्याचं लक्ष गेलं आणि त्याचा चेहरा उजळला. "तो डबा द्या इकडे."

त्यांचा डबा बार्लीने भरला, वर दाबून गाजर, कोबी आणि चार चणे. ड्रायव्हरसाहेबांनी डब्यात बघितलं, दादाकडे बघितलं. भांडायला आलेला माणूस डबा हातात घेऊन कसा भांडणार?

"फिटिंगला कसं आहे हे?"

"ढिलं वाटलं तर लिंबू पिळा."

ते गेले आणि कोपऱ्यावर जाऊन त्यांनी एवढंच सांगितलं असावं की मास्तर आज देतोय. कारण पंधरा मिनिटांत पावत्या घेऊन माणसं धावत आली. कुणाचा कोट, कुणाचा गणवेश, कुणाची उशीची खोळ वर्षभर अडकलेली. दादाने प्रत्येकाची पावती तपासली, माणसाचा घेर नजरेने मोजला आणि त्या मापाने वाढलं. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "मास्तर, मी अस्तर लावायला दिलं होतं हो." "पालक घातलाय खाली," दादा म्हणाला. बाई घेऊन गेल्या. परत कुणीच केलं नाही. मास्तरकडून आलं त्याच दिवशी काही घेऊन जायची संधी होती, ती कोण सोडणार?

दोनला दहा कमी असताना बादली रिकामी झाली. दोन वाडग्यांपुरतं उरलं, माझा आणि त्याचा. दादाने कागद बघून एकेक वस्तू जागच्या जागी बसवली, चण्यांची कड बोटाने सरळ केली. मग टाचण्या मोजल्या.

"दहाच आहेत."

"नीट मोज."

"दहा."

मी बीट उलटंपालटं केलं, कोबी झटकला, पालक उजेडात धरून पाहिला. बाहेर डझनभर लोक मास्तरच्या हातचं जेवत होते! "दादा, बोल ना नीट! दात आवळून काय बोलतोयस?"

मग त्याने ओठांतून अकरावी टाचणी काढून डबीत ठेवली.

फोन वाजला. व्हिडिओवर वहिनीने आधी वाडगा बघितला. "फिरवा. अजून थोडा. बीट एका बाजूला वर चढलंय." शिंप्याची बायको ती, तीस वर्षं काजं-बटणं केलेली. "धान्य पुरलं ना?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं. "पुरलं," दादा म्हणाला.

"वन्सं, खा माझ्यासमोर."

मी खाल्लं. दोन घास, तीन घास. दादा माझ्या जबड्याकडे बघत होता. पलीकडे दोन्ही बाळं एका सुरात रडायला लागली आणि भाचीचा "आई गं" ऐकू आला.

"वहिनी, चणे मऊ शिजलेत. कच्चं काही नाही. पोट भरतंय. सगळं त्याने एकट्याने केलं, मी चमचाही हलवला नाही. हा माणूस उपाशी राहणार नाही."

"नाक दाखवा."

मी फोन जवळ धरला. वहिनीने निरखून पाहिलं. "बरं. मग राहते महिनाभर."

"राहा की," दादा मोठ्याने म्हणाला, "इकडची काळजी सोड."

फोन ठेवला. दादा खुर्चीवर टेकला, एक लांब श्वास सोडला आणि स्वतःचा वाडगा पुढे ओढला. सकाळपासून त्याने एक दाणा चाखला नव्हता. पहिला घास त्याने बराच वेळ चावला.

"यात मीठ नाही."

"नाही."

"मग तू तिला चांगलं झालंय असं का सांगितलंस?"

"चांगलं झालंय असं मी म्हणालेच नाही. पोट भरतं म्हणाले."

दादाने उठून मिठाचा डबा आणला, चिमूट आधी माझ्या वाडग्यावर घातली, मग स्वतःच्या, आणि आम्ही जेवायला लागलो.