आळीतल्या नवऱ्या मी का पळवल्या

गेल्या कार्तिकात मी आमच्या आळीतल्या सगळ्या नवऱ्या पळवल्या. भर दुपारी. एकट्याने.

कारण दुधीचा वेल! आमची ही जाण्याआधी दुधीचं बी राखेत घोळून ठेवून गेली. ते मी मोरीमागे लावलं, पाणी आयतं मिळतं म्हणून. (अक्कल तेवढीच.) थंडी आली, दव पडलं, आणि पानांवर भुरी चढली. बुरशीच ती, पीठ सांडल्यासारखी पांढरी. वेल मेला असता तर तिचं बी संपलं असतं.

मुलगा गणू शहापूरवरून औषध घेऊन आला. "बाबा, फवारतो."

"हात लावू नको! तुझी आय अंगणात तुळशीजवळ वेल लावायची. कधी भुरी बघितलीस?"

"तुळशीच्या वासानं बुरशी पळते काय?"

"तुझ्या पायमोज्यांच्या वासानं मी पळतो ना? मग!"

दुसऱ्या दिवशी सगळी आळी भातझोडणीला गेली. मी आमची तुळशीची कुंडी उचलून वेलाशी ठेवली. एका तुळशीचा वास कितीसा पुरणार? शेजारच्या भागीवहिनीची आणली. मग तिच्या पलीकडची. मग सगळ्यांच्याच! कंबर मोडली, पण वेलाभोवती पहारा बसला. मी जाऊन घोरत पडलो.

संध्याकाळी बोंब उठली. त्या दिवशी तुळशीचं लग्न होतं! (सणवार ध्यानात ठेवायचं काम हिचं.) ऊस आला, चिंचा-आवळे आले, बाळकृष्ण पाटावर तयार, आणि एकाही अंगणात नवरी नाय!

शोधत शोधत आळी मोरीमागे आली.

"भावजी, लाज नाय वाटत?" भागीवहिनी कडाडली. "नवऱ्या मोरीमागे?"

"नाय वाटत! लग्न इथंच लावा."

लावलं! अंतरपाट धरला, मोबाईलवर मंगलाष्टकं वाजली, अक्षता वेलावर पडल्या. वहिनीनं आपली कुंडी उचलली.

"ठेव खाली! लग्न लागल्यावर पोर परत माहेरी नेतात काय? नवं पान धड येईस्तोवर हेच सासर!"

"कुणासाठी एवढं, भावजी?"

"तुझ्या जाऊबाईच्या बियासाठी."

वहिनीनं कुंडी वेलाला आणखी चिकटवून ठेवली.

जुनी पानं पांढरीच राहिली, नवी मात्र हिरवीगार आली. गणू म्हणतो, ऊन वाढलं म्हणून. म्हणू दे!

दुधी एवढे लागले की आळीला वाटून उरले. एक बियाला राखलाय. बाकीचे मी रोज खातो, तोंड वाकडं करून. जन्मात मला दुधी आवडला नाय! ही वाढायची, तेव्हा मी गुपचूप मांजराला घालायचो.

आता मांजरपण खात नाय.