चकलीच्या पानावर मी लिहिलेली ओळ

सांगतो, पण आधी दार लोटून घ्या. आणि पुढे कुणाला सांगणार नाही म्हणा. म्हणालात? तरी माझा विश्वास नाही. पण आता विषय निघालाच आहे, तर ऐका माझा पराक्रम.

केंद्र सरकारच्या एका कचेरीत मी बत्तीस वर्षं कारकुनी केली, त्यातली एकोणीस तक्रार विभागात. नागपूरहून बदली होऊन चेन्नईला आलो आणि इथेच, पश्चिम मांबलमला, मुरलो. एकोणीस वर्षं रोज लोकांच्या तक्रारी ऐकल्यावर माणसाचं काय होतं? देवळात प्रसाद मिळाला तरी मी आधी वास घेऊन बघतो. आमची ही म्हणते, "तुम्ही आरशासमोर उभे राहिलात तरी समोरच्याकडे ओळखपत्र मागाल."

ही म्हणजे सुलभा, माझी बायको. हिच्या हातची चकली मंडळाच्या गणपतीत ताटात पडायचा अवकाश, लोक "वा वहिनी, वा वहिनी" करत डबा रिकामा करतात. यंदा तिनं मनावर घेतलं, दिवाळीचा फराळ विकायचा.

"ओळखीच्यांचं कौतुक पुष्कळ झालं," ती म्हणाली. "त्यातलं खरं किती आणि तोंडदेखलं किती, देवालाच ठाऊक. एकदा तरी अनोळखी माणूस आपण होऊन माझी चकली शोधत आला पाहिजे. या दिवाळीपर्यंत नाही आला, तर सोऱ्या माळ्यावर. कायमचा!"

तिनं हे पीठ मळता मळता, माझ्याकडे न बघता सांगितलं. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

वेबसाइट करून दिली वरच्या मजल्यावरच्या सुगुणाबाईंनी. बाई पन्नाशीच्या, आयटी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. घराणं तंजावरकडचं मराठी, त्यामुळे त्यांची मराठी माझ्यापेक्षा जुनी आणि वर तमिळची फोडणी. मला त्या 'सार', म्हणजे सर, म्हणतात. इथे सगळेच सगळ्यांना म्हणतात, मी त्यात सुख मानत नाही.

"सार, हे पान लोकांना दिसतं," त्या म्हणाल्या. "आणि ह्याच्या माथ्यावर दोन ओळी असतात, त्या पानात दिसत नाहीत. मेटा टॅग म्हणतात. सर्चचं यंत्र त्या वाचतं."

माझे कान उभे राहिले. "दिसत नाहीत? मग लिहायच्या कशाला?"

"यंत्राला कळायला, सार. पानाचं नाव काय, आत काय आहे. कोणी शोधलं की यादीत त्याच ओळी येतात."

"म्हणजे गिऱ्हाइकाला चोरून यंत्राच्या हातात चिठ्ठी सरकवायची?"

"अय्यो, चिठ्ठी नाही सार! गिऱ्हाईक काय टाइप करील ते ओळखायचं. तेच शब्द माथ्यावर, तेच पानात. इतकंच!"

इतकंच! एकोणीस वर्षांत ज्यानं ज्यानं मला "इतकंच" म्हटलं, त्याची फाइल सर्वात जाड निघाली.

बाईंनी माथ्यावर लिहिलं, 'चेन्नईत घरगुती महाराष्ट्रीय फराळ: चकली, चिवडा, अनारसे'. खाली आमचा पत्ता आणि लँडलाइनचा नंबर टाकला, कारण हिचे हात सदा पिठात आणि मी सदा रिकामा. मग फोटो चढवायला हिला पासवर्ड देऊन बाई भाचीच्या लग्नाला कोइमतूरला गेल्या. हिनं तो पासवर्ड कागदावर लिहून फ्रिजला चिकटवला. फ्रिजला! मी तो तिथल्या तिथे काढून पोथीत ठेवला.

आठ दिवस गेले. फोन वाजेना. ही रोज विचारायची, "आला का हो?" आणि मी रोज मान हलवायचो. नवव्या दिवशी तिनं विचारणंच सोडलं. ते काही मला बघवलं नाही.

मग मी स्वतः ते पान उघडून बसलो. 'चकली, चिवडा, अनारसे.' आता मला सांगा, एवढ्यावर कोण शहाणा माणूस विश्वास ठेवील? बाईंचा नियम काय? गिऱ्हाईक काय टाइप करील ते ओळखा. ठीक. मी स्वतः फराळ घ्यायला निघालो तर काय शोधीन? चकली? छे! मी आधी शोधीन, यांनी कुणाला फसवलंय का, तेल कितव्यांदा तापवलंय, आणि उद्या तक्रार करायची झाली तर कुठे करायची.

झालं. पोथीतून पासवर्ड काढला आणि बाईंची ओळ खोडून कचेरीच्या इंग्रजीत माझी ओळ घातली. तिचा मराठी मसुदा असा: 'चेन्नईतील फराळ व मिठाई यांतील भेसळ, फसवणूक, शिळा माल, जळके तेल इत्यादींबाबतच्या तक्रारी आमच्याकडे उद्भवत नाहीत.' हात चालू होताच, म्हणून पानातही भर घातली. चकलीच्या फोटोखाली, 'यात केस, खडे वा किडे आढळणार नाहीत.' अनारशांखाली, 'विषबाधेची एकही नोंद नाही.' वाचून माझंच मन भरून आलं. असा प्रामाणिक दुकानदार मला जन्मात भेटला नव्हता.

आणि काय सांगू, पाचव्या दिवशी फोन वाजला!

"सार, तक्रार नोंदवायची आहे," तमिळमधून एक गृहस्थ. "लाडवात दोरा निघाला."

"आमच्या लाडवात?"

"तुमच्या नाही सार, आमच्या नाक्यावरच्या दुकानातल्या."

मी चमकलो. नाक्यावरच्या लाडवाशी आमचा काय संबंध? फोन ठेवतो तर दुसरा. तांबरमहून एक बाई, बर्फीला रॉकेलचा वास. मग तिसरा, चौथा. दुपारपर्यंत सात! आमच्या घरी कधी एका दिवसात सात फोन आलेले नाहीत, माझ्या साठीलासुद्धा.

मला डाव कळला. गल्लीच्या तोंडाशी जो मुरुक्कूवाला, म्हणजे इथली तमिळ चकली विकणारा, बसतो, तो परवा आमच्या गॅलरीकडे बघत होता. चकलीचा वास त्याच्यापर्यंत गेला असणार. त्यानंच माणसं लावली आमची लाइन अडवायला! मग मी काय केलं? पुरावा गोळा करायचा म्हणून एक कोरी वही काढली. आवक क्रमांक, दिनांक, नाव, गाव, वस्तूचं वर्णन, दोऱ्याची अंदाजे लांबी. कट उघडकीला आला की ही वहीच पोलिसांपुढे ठेवायची.

पण कटातली माणसं भलतीच सभ्य निघाली. "सार, पहिल्या रिंगला फोन उचलणारं सरकारी ऑफिस आयुष्यात पहिल्यांदा बघतोय," एक जण म्हणाला. एक आजी तर मला आशीर्वाद देऊन मोकळ्या झाल्या. खोटं कशाला बोलू, निवृत्तीनंतर इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं. मी इस्त्रीचा शर्ट घालून फोनपाशी बसू लागलो.

अशात एका सकाळी एका मराठी बाईंचा फोन.

"चकली मिळेल का हो तुमच्याकडे?"

"कुठली चकली? कधी घेतलीत?"

"घेतली नाही अजून. घ्यायचीय."

"मग तक्रार काय आहे?"

"अहो, तक्रार कशाची? ऑफिसात दिवाळीला वाटायला चाळीस डबे हवेत."

चाळीस! न बघता, न चाखता चाळीस डबे! आता तुम्हीच सांगा, हे संशयास्पद नाही? मी आवाज करडा केला. "ऑफिस कुठलं? तुमचा हुद्दा काय? तुम्हाला कुणी पाठवलं? ओळखपत्राच्या प्रतीसह लेखी अर्ज करा, मग बघू."

"चकलीसाठी?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

मी विजयी मुद्रेनं स्वयंपाकघरात गेलो. "मुरुक्कूवाल्याची हेर होती. चाळीस डबे मागत होती. घालवली!"

हिच्या हातातला झारा कढईवर थांबला. "चाळीस डबे? अनोळखी बाई होती?"

"संपूर्ण अनोळखी."

"नंबर घेतलात का?"

"नाही. तक्रार नव्हती ना, म्हणून नोंद केली नाही."

तिनं गॅस बंद केला, तेल निवू दिलं, आणि स्टूल माळ्याखाली ओढून घेतलं. सोऱ्या पुसला, कागदात गुंडाळला, स्टुलावर ठेवला.

दुपारी सुगुणाबाई कोइमतूरची मिठाई घेऊन आल्या. मी सवयीनं आधी तिचा वास घेतला आणि मग मुरुक्कूवाल्याचं कारस्थान वहीसकट त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी मोबाइलवर शोधून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अय्यो सार! हे कोण लिहिलं?"

"का? मुद्देसूद आहे."

"बघा तरी! तुमची ओळ लांब झाली, यंत्रानं शेवट कापला."

मी चष्मा चढवून पाहिलं. यादीत सगळ्यात वर आम्हीच! 'चेन्नईतील फराळ व मिठाई यांतील भेसळ, फसवणूक, शिळा माल, जळके तेल इत्यादींबाबतच्या तक्रारी…' आणि पुढे तीन टिंबं. खाली आमचा नंबर.

"सार, शहरात ज्याच्या ज्याच्या लाडवात केस, तो तो तुम्हालाच फोन करतो. चकली मागणाऱ्याला तुम्ही सापडतच नाही. ती सकाळची बाई कशी पोचली, तेच नवल!"

मुरुक्कूवाला निर्दोष होता. हे कबूल करायला मला अजूनही जड जातं. बाईंनी उभ्या उभ्या माझी ओळ काढून त्यांची परत घातली. "यंत्राला नवं वाचायला थोडे दिवस लागतील. तोवर फोन येतील, सार. ऑफिस नाही म्हणून सांगा, पुरे. लिहून घेऊ नका."

संध्याकाळी फोन वाजला. शपथेवर सांगतो, मी 'ऑफिस नाही' म्हणायलाच तोंड उघडलं होतं. पण पलीकडचा माणूस चिडलेला, त्यातून मराठीत चिडलेला! मराठी तक्रार ऐकून मला किती वर्षं झाली होती. हात आपोआप वहीकडे गेला.

"बोला. शांतपणे, क्रमानं बोला."

"अहो, तक्रार कुठे करायची ते शोधलं, तर तुमचाच नंबर वर आला. फराळाची वेबसाइट आहे एक. आमच्या ऑफिसातल्या बाईंनी सकाळी फोन केला, तर कुणी एक म्हातारा त्यांच्यावरच खेकसला. चकलीसाठी ओळखपत्र मागतो! ही काय पद्धत झाली?"

"अजिबात नाही," मी लिहिता लिहिता म्हणालो. "अशा माणसांमुळेच सगळे बदनाम होतात. त्याचं नाव?"

"सांगितलं नाही. आवाज मात्र हुकमी होता."

"उद्धट स्वर," मी नोंदवलं. "मागणी किती होती?"

"चाळीस डबे."

"चा…ळी…स," मी लिहिलं. "आणि पत्ता?"

"पश्चिम मांबलम. पुढे…" त्यांनी रस्ता सांगितला, मी लिहिला. इमारत सांगितली, मी लिहिली. मजला लिहिताना मात्र पेन थांबलं.

"हॅलो? ऐकताय ना? त्या माणसावर तुम्ही कारवाई काय करणार?"

तेवढ्यात मागून पिठाचा एक हात आला आणि रिसीव्हर घेऊन गेला. ही सगळं ऐकत उभी होती.

"नमस्कार," ती गोड आवाजात म्हणाली. "मी त्यांची वरिष्ठ बोलते. त्या माणसाला आत्ताच कामावरून काढलंय. हो, कायमचं. आता सांगा, तुमचे चाळीस डबे कधी हवेत?"

गृहस्थांचं पूर्ण समाधान झालं. डबे वेळेवर गेले, आणि त्यांच्या शेजारच्या ऑफिसातूनही विचारणा आली. कुणातरी अनोळखी माणसाची.

आणि माझं? सरकारी नोकरीत बत्तीस वर्षांत ज्याला साधा मेमो मिळाला नाही, तो फराळाच्या धंद्यातून महिन्याच्या आत बडतर्फ. अपील करीन म्हटलं, तर तेही जमत नाही. माझ्याविरुद्धची तक्रार नाव, गाव, वेळेसकट माझ्याच अक्षरात आहे, आणि खाली शेराही मीच मारलाय: 'कर्मचारी दोषी. तक्रारीत तथ्य आहे.'