कोरियन शेगडी आणि माझी हंडी

पुण्यातल्या एका कोरियन हॉटेलात 'पुन्हा येऊ नका' असं मला हात जोडून सांगण्यात आलेलं आहे. दुसऱ्या कुठल्याच हॉटेलानं आजवर माझी इतकी दखल घेतलेली नाही.

मी कळमनुरीचा. शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालो, पण गावात मला ओळखतात ते मटणाच्या हंडीमुळं. आमच्याकडं कार्यक्रमाची हंडी गडीमाणसंच शिजवतात, आणि एकदा पळी माझ्या हातात आली की दुसऱ्यानं झाकणसुद्धा उचलायचं नाही, हा माझा कायदा. (घरी मी चहासुद्धा करत नाही. तो भाग वेगळा.)

आमची एकुलती एक लेक करुणा पुण्यात एका कोरियन कंपनीत इंजिनिअर आहे. तिचा फोन आला, "बाबा, तुम्ही नि आई या. जेवायला नेते. मला तुम्हाला एक गोष्ट विचारायचीय."

"पोरगा पाहिला असंल," मी बायकोला म्हणालो. आणि पुण्यातल्या हॉटेलांच्या चवीवर भरवसा नसल्यामुळं खिशात एक पुडी टाकली. आत येसूर, म्हणजे रश्श्यात घालायचा आमचा भाजका मसाला, आणि वर मूठभर लाल तिखट!

हॉटेलात टेबलाच्या मधोमध निखाऱ्यांची शेगडी, तिच्यावर जाळी, आणि वर छतातून लोंबणारं धुराडं. ते माझ्या डोक्याला लागत होतं म्हणून मी ते बाजूला ढकलून दिलं. मग वाढणाऱ्या मुलीनं ताटभर चिकन आणून ठेवलं.

"आगं, हे तर कच्चं हाय!"

"बाबा, इथं टेबलावरच भाजून खातात."

"मंग शिजवायचं आपणच, तर हे लोक आत काय करून राहिले? आन् ही कात्री काहून? शिंप्याकडं आलो का आपण?"

"अवो, हळू बोला," बायको म्हणाली.

करुणा हसली. त्या दिवसातलं तिचं ते शेवटचं हसू. तिनं पर्समधून एक लांबट पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "बाबा, आधी माझं ऐका. कंपनी मला..."

तेवढ्यात त्या मुलीनं चिमट्यानं चिकन जाळीवर मांडायला सुरुवात केली. माझ्यादेखत! मी चिमटा हिसकावून घेतला.

"आप बैठो. हमारे में हंडी को लेडीज लोग हात नहीं लगाते."

"सर, ये मेरा काम है."

"तुमको नहीं आता!" जी मुलगी रोज दिवसभर हेच करते, तिला मी हे सांगितलं.

"बाबा, दोन वर्षांसाठी..." करुणा म्हणाली.

"थांब माय! हंडी चढलीय."

मी पुडी सोडली. जाळीला भोकं असतात, हे हंडीवर आयुष्य गेलेल्या माणसाच्या ध्यानात कसं यावं? सगळं तिखट सरळ निखाऱ्यांवर! धूर ओढायला धुराडं जागेवर नव्हतंच. शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस चालला होता, तो केकसकट खोकत बाहेर पळाला. मॅनेजर नाकाला रुमाल लावून धावत आला. "मेले, मेले!" बायको ओरडली. आणि मी काय केलं? रस्सा वाढवताना ओततात तसा पाण्याचा अख्खा जग शेगडीत ओतला!

फस्सकन राख उडाली. चिकन, पाकीट, लेकीचा नवा ड्रेस, सगळं एका रंगाचं झालं.

बाहेर फुटपाथवर करुणा डोळे पुसत उभी होती.

"तिखट लागलं का माय?"

"हो बाबा. तिखटच."

"काय विचारायचं होतं गं?"

पाकिटावरची राख झटकून तिनं ते पर्समध्ये ठेवलं. "काही नाही. विचारून झालं."

आणि मला ते पटलंसुद्धा! परतीच्या एसटीत कोरियन लोकांना शिजवायचं कसं कळत नाही, हे मी बायकोला नांदेडपर्यंत समजावत होतो.

तीन आठवड्यांनी करुणा कोरियाला गेली, दोन वर्षांसाठी. हे मला बायकोनं सांगितलं, विमान उडाल्यावर.

"मला काहून न्हाई विचारलं तिनं?"

"विचारायलाच तर बोलावलं व्हतं तुमाला. तुमी चिमटा सोडला का?"

मला फार राग आला. आधी लेकीचा आला, मग बायकोचा. उरला तो माझाच होता, आणि तो अजून उतरलेला नाही. करुणा फोन करते, पण आईच्या मोबाईलवर. मी पलीकडच्या खोलीत बसून ऐकतो.

गेल्या पौर्णिमेला आमच्या विहारात माझा सत्कार झाला. शाल, पुष्पगुच्छ, सगळं. "एकुलत्या एक लेकीला साता समुद्रापार जायची परवानगी द्यायची म्हणजे बापाचं काळीज लागतं!" अध्यक्ष म्हणाले. टाळ्या पडल्या. मग त्यांनी मला बोलायला उभं केलं. विषय दिला, 'मुलींचं ऐकून घ्या.'

मी पाऊण तास बोललो. पहिल्या रांगेतून बायकोनं दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा मी तिला हातानंच गप्प केलं.