उजव्या बाजूची बांधणी

सुरतेच्या उधन्यात साड्यांचे कॅटलॉग छापणाऱ्या एका प्रेसमध्ये मी बाइंडिंग करतो. तिथे मला मास्टर म्हणतात. त्या शब्दाची इतकी सवय झाली होती की आपल्या हातूनही चूक होऊ शकते, हे मला पटेनासं झालं होतं.

माझी मुलगी कॉलेजात आहे. तिथे जपानी चित्रकथांचं, म्हणजे मांगाचं, वेड असलेल्या पोरांचा एक क्लब आहे. मुलीने त्या क्लबवरच एक मांगा काढला. त्यात घडत काहीच नाही. पोरं प्रोजेक्टरची वायर शोधतात, खोली उघडून मिळावी म्हणून शिपाईकाकांना मस्का लावतात, लोचो या सुरती नाश्त्याच्या शेवटच्या प्लेटवरून भांडतात. ती चित्रं बघून मला हसू आलं होतं, पण तिच्यासमोर हसलो नाही. आमच्यात तशी पद्धत नाही.

कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये क्लबचा स्टॉल होता. शेठला विचारून छपाई आमच्याकडेच झाली आणि बांधणी माझ्याकडे आली. मुलीने बजावलं होतं की मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात, तेव्हा गोंद उजव्या कडेला लावायचा. स्वतःजवळचं एक पुस्तक उघडून तिने दाखवलंसुद्धा. मी ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं, हे आज लिहितो.

पण मशीनपुढे उभा राहिल्यावर वाटलं, जपानचं जपानात. इथे सुरतेत उलट्या बाजूने पुस्तक कोण उघडणार? लोक पोरीला हसतील. म्हणून मी ते सुधारलं. जन्मभर लावत आलो तसा गोंद डाव्या कडेला लावला, कडा कापल्या, आणि मनात बरं वाटलं की पोरीची लाज राखली.

गठ्ठे स्कूटरवर घालून मी स्वतःच कॉलेजवर गेलो. माझी मुलगी स्टॉलवरच उभी होती. क्लब चालवणारी मुलगी मोठ्या हौसेने पुस्तक उघडून बसली. मधल्या दोन पानांवर मिळून एकच मोठं चित्र होतं, सगळा क्लब लोचोच्या प्लेटवर तुटून पडल्याचं. माझ्या बांधणीत ती पानं एकमेकांच्या जागी गेली होती. अर्धी प्लेट या टोकाला, अर्धी त्या टोकाला, आणि मधे पोरं पाठीला पाठ लावून हवेत हात मारतायत.

तिने विचारलं, "अंकल, ये उलटा कैसे बँध गया?"

सगळी पोरं माझ्याकडे बघत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "मला सांगितलं तसं केलं. उजवीकडून बांधायचं, हे हिने सांगितलंच नाही."

माझ्या मुलीने माझ्याकडे पाहिलं नाही. पुस्तकांकडे बघत म्हणाली, "हो. सांगायचं राहिलं माझ्याकडून."

एक मुलगा गुजरातीत म्हणाला, "तने एटलुं पण कहेता न आवड्युं?" एवढंही सांगता येऊ नये तुला? बाकीचे हसले. स्टॉल रिकामाच राहिला. मांगाचा पुढचा अंक क्लबने दुसऱ्या कुणाला काढायला दिला.

त्यानंतर ती लेक्चर संपलं की सरळ घरी यायला लागली. चित्रं बंद. आईबरोबर साड्यांना टिकल्या चिकटवत बसायची. बायको अहिराणीत विचारायची, "पोरले काय व्हयनं?" मी म्हणायचो, अभ्यास असेल.

असे महिने गेले. एका रविवारी बायको माल द्यायला बाहेर गेली तेव्हा मी मुलीजवळ बसलो आणि म्हणालो, "मी त्या पोरांना खरं सांगून येतो."

"आता कशाला पप्पा? तुमच्या खोट्याला मी हो म्हटलं होतं. आता तुम्ही खरे व्हाल, आणि मी खोटी."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग काय करू, असं विचारलं.

टिकली लावता लावता ती म्हणाली, "मला न विचारता माझं काही सुधरवू नका. बस."

"मग विचारतो. जाऊ का?"

पदराचा एक काठ पूर्ण झाला तेव्हा तिने उत्तर दिलं. "जा. मी नाही येणार."

गेलो. कँटीनमध्ये, मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही, ते जास्त जड गेलं. क्लबच्या मुलीने विचारलं, मग ती तेव्हा हो का म्हणाली? मी म्हटलं, मी तिचा बाप आहे म्हणून. तेव्हा गुजरातीत बोललेला तो मुलगा खाली बघत राहिला. निघताना त्यांनी निरोप दिला, तिला यायला सांगा.

घरी येऊन निरोप सांगितला. तिने बघते म्हटलं. अजून गेलेली नाही. रोज कॉलेजहून येते तेव्हा मी घड्याळ बघतो, उशीर झालाय का म्हणून. तिला विचारत मात्र नाही.