वर गेलेला काटा

माझे ऱ्हस्व-दीर्घ चुकतात आणि अक्षर तर दुसऱ्या दिवशी माझे मलाच लागत नाही. चौथीनंतर लिहायचे काम पडले नाही. ही वही मी कोणाला दाखवणार नाही, तरी कोणाच्या हाती लागली तर माफ करावे. एक गोष्ट दोन वर्षे तोंडाने सांगता आली नाही, म्हणून लिहिते.

आम्ही नशिराबादला मोठ्या दिरांच्या घरात राहतो. टेम्पो दिरांचा, चालवतात आमचे हे. त्या दिवशी हे भरताची वांगी घेऊन धुळ्याच्या बाजाराला निघाले. माझे माहेर धुळ्याचे, म्हणून मीही पुढे बसले. ह्यांनी मीटरसमोर मोबाइल टेकवून अहिराणी गाणी लावली होती. ह्यांना काटे दिसत नव्हते, मला बाजूने दिसत होते.

एरंडोल सोडले आणि एक काटा वर सरकू लागला. त्याच्याजवळचे इंग्रजी अक्षर मला येत नाही. सकाळीच डिझेल भरलेले, मला वाटले टाकी भरली आहे तेच दाखवत असेल. चालत्या गाडीत डिझेल वाढेल कसे, हे डोक्यात आले होते. पण विचारायची लाज वाटली. हे हसले असते.

पारोळ्याच्या अलीकडे पुढून वाफ आली आणि गाडी बंद पडली. पाण्याचा पाइप फाटला होता.

दोर बांधून गाडी धुळ्याच्या गॅरेजला ओढत नेली. दीर एसटीने आले. आमच्यात सून जेठाशी, म्हणजे मोठ्या दिराशी, बोलत नाही. मी पदर ओढून टायरांच्या ढिगाजवळ उभी राहिले.

मिस्त्रींनी ऑइलची पट्टी बाहेर काढली. ऑइल दुधाच्या चहासारखे झाले होते.

"पाणी आत गेलंय. इंजिनच्या हेडचं पॅकिंग उडालं. दादा, खरं सांगा, तापल्यावर किती चालवली? लगेच थांबवली असेल तर पॅकिंगवर भागेल. तापलेली पळवली असेल तर हेड वाकतं, पिस्टनही बघावे लागतील."

"वाफ दिसली तशी उभी केली," हे म्हणाले. ह्यांच्या मते ते खरेच होते.

"मंग पॅकिंगच टाक भो, दुसरं काही करू नको," दीर म्हणाले.

मागे भिंत, बाजूला टायर, पुढे तिघे पुरुष. बोलले तर ह्यांच्यावर येणार. नाही बोलले तर गाडी पुन्हा बसणार आणि तेव्हाही ह्यांच्यावरच येणार. पदर घामाने ओठाला चिकटला. मी हळूच काही म्हणाले, ते ह्यांना ऐकूच गेले नाही. मिस्त्रींनी मान वळवली.

"काय वहिनी?"

"एरंडोलपासून काटा वर होता."

दीर ह्यांना म्हणाले, "इंजिन जळी गयं नि तुनी बायको काटा देखत बसनी! माहेरनी एवढी घाई?"

मिस्त्रींनी हेड उतरवून त्यावर स्टीलची पट्टी आडवी धरली. पट्टीखालून उजेड दिसला. "वाकलंय. नुसतं पॅकिंग टाकलं असतं तर जळगावसुद्धा गाठलं नसतं." आत पिस्टनच्या नळीलाही ओरखडे होते. खर्च तिप्पट झाला. दिरांनी तेव्हा पैसे भरले, पण सगळे आमच्या नावावर टाकले.

मी जळगावच्या डाळमिलमध्ये निवडायला जाऊ लागले. माहेरी गेले नाही. घरात दूध तापत ठेवले की जाऊबाई म्हणायच्या, "उतू जाईल गं, काटा बघ!" सगळे हसायचे, मीही हसायची. उठून दुसरीकडे जायला जागा नव्हती. इंजिन तापल्याचा काटा मी डिझेलचा समजले होते, हे ह्यांनाही सांगितले नाही. बेफिकीर म्हटलेले चालले, अक्षर येत नाही म्हणून हसलेले सोसले नसते.

काल शेवटचे पैसे दिले. हे देत होते, पण मीच पुढे होऊन खाटेच्या कडेला ठेवले. दिरांनी दोनदा मोजले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बठ्ठा पैसा उनात. काही बाकी नही."